दुधाची उतरती रेघ

आमच्या गावच्या दूध संस्थेत कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवता येणारी गावात मी एकटीच होते. पौडला एसटीने जाऊन-येऊन कोर्स केला होता. संस्थेच्या अध्यक्षांना सगळं गाव तात्या म्हणायचं. ते घरी आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी उद्यापासनं डेरीवर यिल. मशीन आलंय, पन त्येच्याशी बोलायला कुनी न्हाई."

काम सोपं होतं. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. प्रत्येक घराला एक नंबर होता. त्या नंबरापुढे किती लिटर दूध आलं आणि त्याला फॅट किती लागलं, ते मी भरायचे. मग शहरातल्या मोठ्या डेअरीचा टेम्पो येऊन कॅन घेऊन जायचा. ऐंशीएक घरं, दिवसातून दोनदा. वर्षभरातच एक्सेलचं एक शीट भरत आलं आणि मला दुसरं उघडावं लागलं. एवढ्या ओळींचं पुढे काय करायचं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

चार-पाच वर्षांनी दूध कमी झाल्याचं सगळ्यांनाच जाणवायला लागलं. रस्त्याकडेच्या जमिनी बंगल्यांसाठी विकल्या जात होत्या. डोंगरापलीकडे लवासा या नव्या शहराचं काम सुरू झालं होतं. ज्यांची जमीन गेली, त्यांच्याकडे वैरणीला रान उरलं नाही. टेम्पोवाला एक दिवस कॅन चढवता चढवता म्हणाला, "एवढ्याशा दुधाला एवढं लांब यायला परवडत नाही हो." तात्यांनी ते मनावर घेतलं. वार्षिक सभा जवळ आली होती.

"तुझ्या मशीनमदी सगळं हाय ना?" ते म्हणाले. "मग लोकांना एका नजरंत दिसंल असं कायतरी काढ. भाषनं ऐकून कंटाळलीत ती."

मी पहिल्यांदा काढला तो आलेख म्हणजे नुसता गुंता होता. प्रत्येक घराची एक रेघ, प्रत्येक रेघेचा वेगळा रंग. तात्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "ह्यो काय गवताचा भारा? ह्यात मला काय दिसायचं?"

मग मी पौडच्या माझ्या सरांकडे गेले. त्यांनी पिव्हट टेबल दाखवलं. लाखो ओळींची महिनावार बेरीज मशीन क्षणात करून देतं, हे पाहून मी चकित झाले. सगळ्या रेघांच्या जागी एकच रेघ आली. तरीही ती दर उन्हाळ्यात खाली जायची आणि पावसाळ्यानंतर वर यायची, त्यामुळे खरी घट त्या चढउतारात लपत होती. सर म्हणाले, प्रत्येक महिन्याला मागच्या बारा महिन्यांची सरासरी घे. ती घेतली आणि रेघ सरळ झाली. डावीकडून उजवीकडे, कुठेही न थांबता उतरत जाणारी निळी रेघ.

एक गोष्ट मात्र मला खटकली. मशीनने आपोआप खालचा भाग कापून टाकला होता. आकडे शून्यापासून सुरू होत नव्हते, त्यामुळे रेघ कड्यावरून पडल्यासारखी दिसत होती. मी तात्यांना तसं सांगितलं.

"असंच ठिवलं तर लोकं जास्त घाबरतील व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय. पन ते खरं न्हाई."

तात्या म्हणाले, "मग शून्यापासनं काढ. फसवून कुनाला जागं करायचं न्हाई."

तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. आम्ही काही खोटं केलं नाही. म्हणूनच पुढे जे झालं त्याची हळहळ कुठे ठेवावी, हे मला कळत नाही.

पिरंगुटला जाऊन आम्ही तो आलेख मोठ्या फ्लेक्सवर छापून घेतला. सभेच्या दिवशी तो देवळाच्या सभामंडपात दोन खांबांच्या मधे बांधला. लोक आले, बसले, आणि तात्या बोलायला उभे राहायच्या आतच सगळे त्या रेघेकडे बघायला लागले. इतकं स्वच्छ आम्ही कधीच कुणाला काही दाखवलं नव्हतं.

तात्या म्हणाले, "बगा, दूध असं उतरतंय. असंच चाललं तर टेम्पो बंद हुईल. ज्येला जमतंय त्येनं एक म्हस वाढवा. येवढंच मागनं हाय."

मग मागून एकाने विचारलं, "तात्या, ही रेघ भुईला टेकायला किती दिस हायेत?"

लोक हसले. तात्याही हसले. "टेकू द्यायची न्हाई म्हनून तर बोलावलंय की तुमाला." पण प्रश्न विचारणारा हसत नव्हता. तो हवेत बोटाने रेघ पुढे ओढून बघत होता.

सभा संपल्यावर पायऱ्यांवर चपला घालताना एक बाई दुसरीला म्हणाली, "बंदच हुनार हाय म्हनं डेरी. मग आमी म्हस ठिवून काय करायचं?" मी जवळच उभी होते. "तसं न्हाई म्हनत तात्या," असं म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्या उतरून गेल्या होत्या.

त्या दिवाळीआधीच म्हशींच्या व्यापाऱ्यांचे टेम्पो गावात यायला लागले. बंद पडायच्या आत विकलेलं बरं, असं प्रत्येक घरात ठरलं. तात्या दारोदार फिरले. एका घरात त्यांना ऐकावं लागलं, "तुमीच तर दावलंत की." रेघ त्यानंतर उतरली नाही, कोसळली. पुढच्या उन्हाळ्यात दुधाचा टेम्पो यायचा थांबला.

मला हिंजवडीत एका कंपनीत नोकरी लागली. जवळच मारुंजीत मराठवाड्यातल्या दोन मुलींबरोबर खोली घेतली. काम तेच, लाखो ओळींमधून लोकांना दिसेल असं काहीतरी काढायचं. तिथल्या माझ्या वरिष्ठ बाई कडक होत्या. एकदा माझा आलेख बघून म्हणाल्या, "एकूण आकडा खाली आलाय हे कळलं. पण तो कुणामुळे आला? आधी फोडून बघ, मग दाखव."

त्या रविवारी मी आमच्या डेअरीच्या नोंदींची जुनी सीडी काढली. घरं दोन गटांत वेगळी केली, जमीन विकून दूध थांबवलेली आणि सभेच्या दिवसापर्यंत दूध घालणारी. प्रत्येक घराचा छोटा वेगळा आलेख केला, सगळ्यांचं माप एकच ठेवून, आणि ते ओळीने मांडले. गेलेल्यांच्या रेघा एकेक करून तुटत होत्या. पण राहिलेल्यांच्या, जवळजवळ सगळ्यांच्या, हळूहळू वर चालल्या होत्या. त्यांनी जनावरं सुधारली होती, दूध वाढवलं होतं. दरवर्षी. सभेत बसलेले बहुतेक तेच होते. आपण बुडतोय असं त्यांना आम्ही दाखवलं, आणि ते तर तरत होते.

मी ते छापून तात्यांकडे गेले. त्यांच्या गोठ्याच्या जागी आता मजुरांना भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि एकेका चौकटीवरून बोट फिरवलं. पुष्कळ वेळ.

"म्हंजी ही समदी चढत हुती," ते म्हणाले.

"व्हय तात्या. तवा मला असं बगायचं सुचलं न्हाई."

"मला तरी कुटं सुचलं?" त्यांनी कागदाची घडी केली. "जाऊ दे. लोकांच्या मनातनं म्हशी आदीच गेल्त्या. तुझ्या कागदानं न्हाई गेल्या."

ते मला बरं वाटावं म्हणून बोलले, हे दोघांनाही कळत होतं. मी काही बोलणार तेवढ्यात एका खोलीतून कुणीतरी हिंदीत ओरडलं, पानी नहीं आ रहा. तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पाण्याची मोटर चालू करायला गेले. मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. ते लवकर परत आले नाहीत, आणि माझ्या शेवटच्या एसटीची वेळ जवळ आली होती.