तांब्याभर पाणी

वस्तीच्या कडेची ही विहीर गयाबाईंची. कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड इथल्या काळ्या कातळात खूप खोल कोंडून ठेवला आहे. तो झिरपत वर आला, तर पाणी आंबूस होईल. म्हणून दर महिन्याला मी नमुना घ्यायला येतो. माझी बाटली भरून झाली की गयाबाई पोहऱ्यातलं पाणी तांब्यात ओतून माझ्यापुढे धरतात. मी प्यायल्याशिवाय त्या स्वतःचा हंडा भरत नाहीत.

"आलं का काही वर?" आजही त्यांनी विचारलं.

"नाही, बाई."

"मग प्या."

प्यायलो. पाणी गोड होतं, तरी घोट जिभेवर ठेवून मी आंबटपणा शोधत राहिलो.

ऑफिसात आम्ही संगणकावर हा वायू पुढे कुठे जाईल ते पाहतो. पडद्यावर एक निळा डाग कातळातून मुंगीच्या पावलांनी सरकत राहतो. एका दुपारीत हजार वर्षं उलटतात. त्यावरच्या जमिनीच्या नकाशात ही विहीर तशीच असते, गयाबाईंचं घरही. तिथे कोणी मरत नाही, कारण तिथे कोणी राहतच नाही. अलीकडे मला ते रिकामं घर डोळे मिटले तरी दिसतं.

तांब्या परत देताना मी सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यात विहिरीत पाणी तपासणारं यंत्र बसेल. मला यावं लागणार नाही."

गयाबाईंनी उचललेला हंडा पुन्हा खाली ठेवला.

"मग आधी पिऊन कोण दाखवणार?"