पंचनामे सिनेमाला जातात

कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या मालकांना आईवडिलांनी एक चांगलंसं नाव दिलेलं होतं. ते आता फक्त लाइटबिलावर येतं. गल्लीत सगळे त्यांना पंचनामे म्हणतात.

ही पदवी त्यांना थिएटरात मिळाली. मध्ययुगातला सिनेमा होता. सरदार, तटबंदी, मशाली, सगळा थाट. लढाई ऐन रंगात आलेली. एक शिपाई छातीत भाला घेऊन हात पसरून कोसळला. लोक हळहळत होते, एवढ्यात पंचनामे खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, "घड्याळ! त्या मेलेल्याच्या हातात घड्याळ आहे!"

मागून कोणीतरी म्हणालं, "असू दे हो काका, वेळेवर मेला ना?"

आता यात त्यांचा तरी काय दोष? जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. केसाएवढी स्प्रिंग जरा वाकडी दिसली तरी अंगावर पाल पडल्यासारखं करतात. असला डोळा संध्याकाळी शटरबरोबर खाली ओढता येत नाही. बरं, मध्ययुग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. टीव्हीवरच्या माहितीपटात तो धीरगंभीर आवाज "आठशे वर्षांपूर्वी याच दारातून..." असं म्हणायला लागला, की हे पाय वर घेऊन, सरसावून बसतात. "आठशे वर्षं? आणि बिजागरीला स्क्रू? तोही अधिकच्या चिन्हाचा?"

त्यांची बायको रुग्णालयाच्या धुलाईखात्यात आहे. दिवसभर पांढऱ्या चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, मजल्यामजल्यावर पाठवायच्या. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी तिला पांढरं सोडून काहीही चालतं. लाल मखमल हवी, घोडे हवेत आणि मनसोक्त रडायला एखादी राणी हवी.

एका शनिवारी अशीच एक राणी वेशीवर उभी राहून, लढाईला निघालेल्या राजाला निरोप देत होती. बायकोचा रुमाल पुरता भिजला होता. राणी पाठमोरी झाली आणि पंचनामे कुजबुजले, "झग्याला मागे चेन आहे." पंचनाम्यांचं कुजबुजणं चार रांगांना ऐकू जातं.

 ओल्या रुमालाची बायकोने घडी घातली, धुलाईखात्यात घालतात तशी चार कोपरे जुळवून, आणि पर्समध्ये ठेवली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "अहो, तो राजा शेवटी परत आला की मेला?"

"कुठला राजा?"

"तेच म्हणते मी. एवढा वेळ बसलात, राजा दिसला नाही, चेन दिसली. यापुढे मी वन्संबरोबर जाणार."

वन्सं म्हणजे पंचनाम्यांची धाकटी बहीण, दोन घरं सोडून राहणारी. पडद्यावर कोण जगतंय, कोण मरतंय, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पॉपकॉर्न कुरकुरीत निघाले की तिचा सिनेमा वसूल.

झालं! दर शनिवारी नणंद-भावजय नटूनथटून निघायच्या आणि पंचनामे घरी टीव्हीपुढे. चुका रग्गड सापडायच्या. पण "बघितलंस?" म्हणून वळावं तर शेजारची खुर्ची रिकामी. मग त्यांनी गिऱ्हाइकांवर राग काढायला सुरुवात केली. घड्याळात सेल टाकायला आलेला माणूस, बाराव्या शतकात बटणं कशी नसायची हे ऐकून जायचा. लोक हुशार. त्यांनी दुकानाच्या पायरीवरूनच घड्याळ पुढे करायला आणि लांबूनच न्यायला सुरुवात केली.

खरं तर पंचनाम्यांना गिऱ्हाईक नको होतं, बायकोच्या शेजारची ती खुर्ची परत हवी होती. पण मागायची कोणत्या तोंडाने?

अशात एक दिवस बहीण धापा टाकत आली. "दादा, गावाबाहेरच्या पडक्या किल्ल्यात शूटिंग आहे. जुन्या काळचंच. गर्दीला दाढीवाले पुरुष पाहिजेत. मी तुझं नाव दिलं. तुझ्या दाढीचा कधी तरी उपयोग होऊ दे!"

"मी? गर्दीत?"

"जा की," बायको आतून म्हणाली. "दुसऱ्यांच्या चुका काढता, एकदा स्वतः उभे राहून बघा."

पंचनाम्यांना संधी दिसली. "मग मी असलेला सिनेमा तरी माझ्याबरोबर बघशील?"

ती दारात येऊन उभी राहिली. "बघीन. पण थिएटरातले दिवे लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एक जरी निघाला तर तो आपला शेवटचा सिनेमा."

शूटिंगला पंचनाम्यांनी जय्यत तयारी केली. अंगात गोणपाटासारखा ढगळ अंगरखा चढवला, घड्याळ तर घरीच काढून ठेवलेलं, अंगठी काढली, चष्मा काढला आणि पहिल्या दहा पावलांत दोन सरदारांना धडकले. चष्मा नसला म्हणून काय झालं, जवळचं झकास दिसत होतं. एका भिक्षेकऱ्याचे मोजे उतरवले. एका शिपायाला च्युइंगगम थुंकायला लावलं. शेवटी कपडेपटाची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही गर्दी आहात. जरा गर्दीसारखं वागा."

काम एवढंच होतं, की राणी नगरात परत आली की हात उंच करून जयजयकार करायचा. पंचनाम्यांनी असा हात उंचावला की शेजारचा लोहार दचकला.

घरी आले ते तरंगतच. "आज माझ्या अंगावर पाचशे वर्षांच्या अलीकडचं काही म्हणजे काही नव्हतं!"

बायकोने चहाचा कप पुढे केला. कप घेणाऱ्या हाताकडे तिने क्षणभर पाहिलं आणि नुसतं "छान" म्हणाली.

पुढे यथावकाश सिनेमा लागला. पंचनामे मध्ये, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला बहीण आणि तिचे पॉपकॉर्न. सिनेमा सुरू झाला तोच आकाशात विमानाची पांढरी रेघ. पंचनाम्यांनी ती गिळली. तटावरच्या पहारेकऱ्याच्या बुटाला रबरी तळ होता, तोही गिळला. मशालीच्या खांबावरून वायर गेली होती, ती गिळताना ठसका लागला. बहिणीने पाण्याची बाटली दिली. राणी पाठमोरी होणार असं दिसताच त्यांनी घाबरून डोळेच मिटले, पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मग आला तो प्रसंग. राणी वेशीतून आत येते, लोक आनंदाने वेडे होतात. पंचनाम्यांचं तोंड काही दिसलं नाही, ते लोहाराच्या मागे गेलं होतं. दिसला तो उंचावलेला हात. अख्ख्या पडद्यावर, झाडाच्या बुंध्याएवढा. अंगरख्याची बाही कोपरापर्यंत घसरलेली, उन्हाने रापलेली कातडी, आणि मनगटावर लख्ख पांढरा पट्टा. मधोमध तबकडीचा गोल. घड्याळ घरी राहिलं होतं, त्याची जागा मात्र शूटिंगला येऊन गेली होती.

पंचनाम्यांना दरदरून घाम फुटला. आयुष्यातला सर्वांत मोठा पंचनामा समोर होता आणि आरोपी स्वतःच. तोंड उघडलं. जिभेवर शब्द आला. शेजारी बायको रुमाल डोळ्यांशी धरून बसली होती. त्यांनी तोंड मिटलं.

पण बहिणीला कसली अट? "अय्या, दादा! तुझ्या हातावर घड्याळाचा..."

"वन्सं, गप बसा," पडद्यावरची नजर न हलवता बायको म्हणाली. "सिनेमा चाललाय."

आणि तिचा हात येऊन पंचनाम्यांच्या मनगटावर विसावला, बरोबर त्या पांढऱ्या पट्ट्यावर. तो शेवटपर्यंत तिथेच होता.

दिवे लागले. "कसा वाटला?" तिने विचारलं.

"मस्त!"

"काही चूकबीक?"

"छे! एकही नाही."

घराकडे चालताना ते सारखे मनगटाकडे बघत होते. मग न राहवून म्हणाले, "तुला तो पट्टा आधीच दिसला होता?"

"शूटिंगहून आलात तेव्हाच. चहा देताना."

"मग बोलली का नाहीस?"

"केवढे खुशीत होतात! मी कशाला पचका करू?" ती चार पावलं चालली आणि थांबली. "अहो, राणीच्या झग्याला मागे चेन होती ना?"

पंचनामे जागच्या जागी खिळले. हा सापळा की काय, अशा नजरेने त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"बोला आता. दिवे लागलेत."

मग काय विचारता! रेघ, रबर, वायर, सगळं एका दमात बाहेर पडलं. बायको मान डोलावत होती आणि मधेच, "तो पहारेकरी जांभई देत होता, ते सुटलं तुमच्या नजरेतून," असं म्हणून भर घालत होती. बहीण बिचारी दोघांच्या मधून चालत होती आणि तिला ना या बाजूला पळता येत होतं ना त्या.

हल्ली दर शनिवारी तिघं एकत्र सिनेमाला जातात. थिएटरात नवरा-बायको दोघंही चिडीचूप असतात. सिनेमा सुटला की बहीण मात्र दुसऱ्या रस्त्याने घरी जाते.