अमावस्येला बसवलेली एसएसडी

या अमावस्येला भरदुपारी, भूमच्या बसस्टँडमागच्या आमच्या दुकानात, मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॉम्प्युटरचं पोट उघडलं... आणि घरात एकच बोंब उठली.

माझं लग्नपत्रिका डिझाइन करायचं दुकान आहे. अमावस्येला पत्रिकेचं काम घेऊन काळं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मग मशीन उघडायला मला दुसरा कुठला रिकामा दिवस मिळणार होता, सांगा ना!

मशीनची तऱ्हा अशी, की सुरू करायचं आणि मागं घरात जाऊन कुकर लावून यायचं. फाइल उघडेपर्यंत नवरीकडच्या मंडळींचा चहा संपायचा, गप्पा संपायच्या. मग त्यांना कुणीतरी रुसका मामा आठवायचा आणि पत्रिकेत अजून एक नाव वाढायचं...

पण खरं दुखणं वेगळंच होतं. दुकानाचा गाळा आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या नावावर. आणि माझ्या धाकट्या दिराला, भाऊजींना, तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं.

आत्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "तुझं मशीन चालतंय तवर चालव. बंद पडलं की गाळा त्याचा." भाऊजींचं लग्न ठरल्यापासून तर ते रोज येऊन मशीनकडं असं बघायचे, जसं काही दवाखान्यात पेशंटला भेटायला आलेत. "वहिनी, घाला आता भंगारात..." माझ्या डोक्यात तिडीक जायची.

का म्हणून घालू? मशीन धडधाकट होतं, फक्त आतली हार्ड डिस्क दमली होती. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, टाकली की पळतं, हे मला पक्कं कळलं होतं. नवरा काळी-पिवळी जीप चालवतो, त्यानं धाराशिवच्या फेरीत आणून दिली... पत्त्याच्या कॅटाएवढी, हातात वजनच लागेना.

मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत बसवली. विंडोज टाकलं. जुनी डिस्क मात्र फेकली नाही, कारण सगळ्या पत्रिका तिच्यातच होत्या. बंद पडलेल्या डीव्हीडी ड्राइव्हची केबल काढून तिला जोडली.

बटण दाबलं... आणि पदराला हात पुसेपर्यंत स्क्रीन हजर! खोटं नाही सांगत, मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

मग शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एका लग्नाची पत्रिका उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती छापायला जायची होती. उघडली तशी क्षणात... पण हे काय!

गणपतीच्या चित्राखाली मराठीचा मागमूस नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं... दुसरी पत्रिका उघडली, तिसरी उघडली. सगळीकडं तोच गोंधळ.

नेमके तेव्हाच भाऊजी टपकले, मागोमाग आत्या. "आवसंला मशीन उघडू नगं म्हनलं व्हतं का न्हाय? लई शहाणी हायेस!" आत्यांचा पट्टा सुरू. भाऊजी तर भिंतीला वीत लावून काउंटर कुठं बसेल ते मापायला लागले.

पण त्यांच्यापुढं रडू? मेले तरी नाही! दात-ओठ खात स्क्रीनकडं बघत राहिले... आणि एकदम डोक्यात लख्ख झालं.

अहो, ही तर माझीच बोटं! इतकी वर्षं जी बटणं दाबून मी मराठी टाइप करते, तीच इंग्रजी अक्षरं समोर दिसत होती. जुन्या मराठी फॉन्टची ही खोडच आहे, मशीनमध्ये तो फॉन्ट नसला की नुसती बटणं दिसतात. आणि मी एसएसडीवर सगळं टाकलं होतं... फॉन्टच तेवढे विसरले होते.

"आत्या, ऐका," म्हटलं आणि तो सगळा गोंधळ मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नवरदेवाचं नाव, नवरीचं नाव, तिच्या आजोळचे झाडून सगळे मामा... कुठंही न अडखळता. आत्या एकदा स्क्रीनकडं बघत होत्या, एकदा माझ्याकडं.

"ह्यात हे लिवलंय व्हय?"

"व्हय. फक्त कपडे घालायचे राहिलेत त्याला."

जुन्या डिस्कमधले सगळे फॉन्ट नव्या विंडोजमध्ये टाकले, पत्रिका परत उघडली... गणपतीखाली 'श्री गणेशाय नमः' जिथल्या तिथं! तेव्हा मात्र डोळ्यांना अडवलं नाही.

"नशीब तुमचं वहिनी," भाऊजी म्हणाले. नशीब कसलं डोंबलाचं! मी तिथल्या तिथं सुनावलं, नशीब नाही भाऊजी, हात आहेत हे माझे. आत्यांनी स्क्रीनवरच्या गणपतीला हात जोडले. मग धाकट्याला म्हणाल्या, "तू मोबाइलला दुसरीकडं जागा बघ रं."

काल याच मशीनवर भाऊजींच्या लग्नाची पत्रिका केली. आमच्याकडं पत्रिकेच्या तळाशी घरातल्या दुकानांची नावं छापतात. आमच्या दुकानापुढं प्रोप्रायटर म्हणून कायम नवऱ्याचं नाव जायचं, आणि टाइप करायचे मीच. या वेळी तिथं माझं नाव टाकलं. कुणालाही न विचारता.

भाऊजी प्रूफ वाचत वाचत तळाशी आले आणि थांबले. मी पदर खोचून तयारच होते... कुणीही काहीही म्हणो, खोडणार नव्हतेच. त्यांनी वर बघितलं, जरा हसले.

"वहिनी, हा फॉन्ट लई बारीक झालाय. मोठा करा की."

केला. चांगला ठळक केला!