एक बंद लावायचा राहिलेली कुंची

त्या साली समुद्रापार अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि अंजनगावच्या मनकर्णाबाईंच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस. नवरा खुशालराव यांनी नवी भांडी आणली, बसायला नवी दमणी, पडद्याची बैलगाडी, केली, नवे फेटे घेतले. जुनं होतं तेवढं गडीमाणसांना वाटून टाकलं.

तिथंच मनकर्णाबाई अडल्या. लेक शकुन अकोल्याला सासरी, पहिलटकरीण. त्यांच्याकडची रीत अशी, की पहिल्या बाळाची कुंची आईच्या वडिलांच्या, वापरून मऊ झालेल्या फेट्याचीच शिवायची. घर भरून कापूस, पण मऊ फेटा एकच उरला होता. गेल्या साली शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, खुशालरावांना मानाचा म्हणून बांधलेला तांबडा फेटा. वर्षभर त्यांनी तो मिरवला होता. त्याच पटात व्याही नत्थुजींशी त्यांचं वाजलं. आमची जोडी पुढं होती, असं नत्थुजी म्हणाले. डोळे फुटले काय, असं खुशालराव म्हणाले. तेव्हापासून शकुनला माहेर बंद झालं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, डोहाळजेवणही गेलं.

मनकर्णाबाईंनी फेटा मधोमध कापला.

यंदाचा पट अमरावतीबाहेरच्या माळावर होता. नत्थुजी तिथं येणार होते. कुंची त्यांच्याच हाती द्यायची आणि लेकीला बाळंतपणाला मागून घ्यायचं, एवढंच मनकर्णाबाईंनी मनाशी धरलं. भाकरी बांधून, कापूस वेचणीच्या बायांकडे पाहायला जावेला, जमुनेला, सांगून त्या दमणीत बसल्या. पडद्याच्या फटीतून बैल धावायची वाट दिसे. एक नजर त्या वाटेवर, एक हातातल्या कुंचीच्या टाक्यावर.

खुशालराव पाणी प्यायला आले आणि तांबडं कापड पाहून थबकले.

"माह्या मानाचा फेटा फाडला तू?"

"कापला. फाडला नाही."

"काहून पण?"

"नातवाच्या डोक्यावर मान कमी होते काय? अन् जुनं काही ठेवलं का तुमी घरात? मीच तेवढी उरली."

शेजारच्या गाडीतली माणिकबाई खुदकन हसली. खुशालराव तांब्या आदळून निघून गेले.

शेवटच्या धावेला समोर आल्या त्या नेमक्या व्याह्याव्याह्यांच्या जोड्या. मनकर्णाबाईंची सुई थांबली. आपल्या गोठ्यातले, आपल्या हातची सरकी खाल्लेले बैल, आणि त्या मनात म्हणत होत्या, 'मागं राहा रे बाबांनो, आज मागं राहा.' बैलांना कुठं कळतं! खुशालरावांची जोडी चांगली कासराभर पुढं निघाली.

"जुपा रे गाडी," नत्थुजींचा आवाज आला. ते अकोल्याच्या वाटेला लागत होते.

मनकर्णाबाई पदर पुढं ओढून खाली उतरल्या आणि भर पटात, पुरुषांच्या गर्दीतून चालत गेल्या.

"व्याही, थांबा."

नत्थुजींनी कुंची हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "हे तर तेच कापड हाय."

"तेच. आता कोणाच्या डोक्याले बांधता येत नाही ते. शकुनले धाडता?"

नत्थुजी बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "विहीणबाई, खोटं नाही बोलत. पोरगी मोर्णा नदीवर पाण्याले जाते अन् इकडल्या गाड्या पाहत उभी राहते. मागितली असती तर कधीच धाडली असती. आता दिवस भरत आले. या गाडीच्या दणक्यात कशी आणू तिले?"

मनकर्णाबाईंनी त्यांच्या हातातल्या कुंचीची दुमडलेली कड सरळ केली.

"एक बंद लावायचा राहिला," कुंची न्याहाळत नत्थुजी म्हणाले.

"राहू द्या. तो तिले लावा म्हणा. टाका मीच शिकवला हाय तिले."

गाडी गेली. मागं हलगी वाजत होती. थोड्या वेळानं खुशालराव येऊन शेजारी उभे राहिले. नवा मानाचा फेटा त्यांच्या हातातच होता, न बांधलेला.

"घेतली का त्यानं?"

"घेतली."

"अन् पोरगी?"

मनकर्णाबाईंच्या बोटांत अजून तांबडा दोरा ओवलेली सुई होती. कापसाच्या गाड्यांची रांगच रांग अकोल्याकडे चालली होती. त्या सगळ्यांच्या धुळीतून नत्थुजींच्या गाडीची धूळ वेगळी दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहिल्या.