हेदवी ते तवसाळ

सुहास तांबे गेली एकवीस वर्षं रत्नागिरीत रिक्षा चालवतो. त्याआधी तो मुंबईला, भांडुपच्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यावर गावाकडच्या वाडीतले त्याच्याबरोबरचे लोक तिकडेच दुसरं काम शोधत राहिले, हा मात्र परत आला. आता वय बावन्न. कंबर कायम धरलेली, दोन वर्षांपासून शुगरची गोळी सुरू. बायको रसिका अंगणवाडी सेविका आहे, मुलगी आम्रपाली कॉलेजात. रिक्षाच्या मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत मुलीचं नाव लिहिलेलं आहे.

त्या नावामुळेच तो ओळखला गेला.

झालं असं. नोव्हेंबरातल्या एका सकाळी तो रिकामी रिक्षा घेऊन नाचणे गावाच्या रस्त्यानं येत होता. कडेला चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका मुलीनं हात केला. तिच्या मांडीवर एक लांबोडकी काळी पिशवी होती. सुहासनं वेग कमी केला, खुर्ची बघितली. ती उचलायची, घडी घालायची, मग पुन्हा उतरवायची. कंबर आदल्या दिवसापासून ठणकत होती. त्यानं मान हलवली आणि पुढं गेला. आरशात पाहिलंही नाही.

पंधरा दिवसांनी मृणाली मॅडम नावाच्या बाईंना त्यानं शहराबाहेरच्या एका शाळेच्या मैदानावर सोडलं. तिथं चार जण बसून धनुष्य ओढत होते. तिघं चाकाच्या खुर्चीत, एक जण साध्या स्टुलावर, कुबड्या बाजूला ठेवून. मॅडम त्यांना शिकवत. त्या सुट्टे काढेपर्यंत सुहास बघत उभा राहिला. त्यातली एक मुलगी खुर्ची फिरवून त्याच्याकडे आली.

"काका, तुमची रिक्षा मी ओळखते. आम्रपाली."

सुहासला आधी समजलं नाही. मग समजलं.

"त्या दिवशी माझी गाडी चुकली. राज्याच्या संघाच्या निवडीला जायचं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्याआधी तीन रिक्षा गेल्या होत्या. तुमच्या रिक्षावर नाव होतं, म्हणून तेवढी लक्षात राहिली."

तिचं नाव निशिगंधा. पालीच्या पुढच्या एका गावातल्या शेतकऱ्याची मुलगी. बारावीत असताना दुचाकीवरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. शहरात मावशीकडे राहून ती दोन वर्षं तिरंदाजी शिकत होती.

सुहास घरी येऊन जेवला नाही. रसिकानं विचारलं तर म्हणाला, "भूक नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो निशिगंधाच्या मावशीच्या दारात जाऊन उभा राहिला. खुर्चीची घडी कशी घालायची ते तिनंच दाखवलं. तेव्हापासून रोज तो तिला मैदानावर नेऊ लागला. दोघं फार बोलत नसत.

निवड पुन्हा मार्चमध्ये होती. चौघांना खुर्च्यांसकट न्यायला मोठी गाडी हवी होती, आणि दोन धनुष्यं इतकी जुनी झाली होती की मॅडम दर आठवड्याला त्यांची दोरी नीट करत बसायच्या. मॅडमनी बऱ्याच ठिकाणी अर्ज केले होते. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच आलं नव्हतं.

हे सुहासनं घरी सांगितलं तेव्हा आम्रपाली म्हणाली, "पप्पा, लोक चालतात, धावतात आणि त्यासाठी पैसे जमवतात. तुम्ही चाला. मी रोज फोटो टाकीन, खाली पैसे पाठवायचा नंबर देईन."

"मी? मी तर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा रिक्षानं जातो."

"म्हणूनच लोक बघतील."

रसिका भांडी लावत होती. ती म्हणाली, "कंबर मोडून घेऊ नका म्हणजे झालं." तिला हे पटलेलं नाही हे सुहासला कळलं.

त्यानं हर्णे ते रत्नागिरी ठरवलं, कारण हर्णे त्याचं आजोळ. किनाऱ्याकिनाऱ्यानं, खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या आणि बाकी सगळं पायी. सात दिवस. जानेवारीत एका रविवारी तो हर्ण्याला पोचला, आणि संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या गर्दीत गळ्यात फलक अडकवून, हातात पैशांचा डबा घेऊन फिरला. टोपलीशी बसलेल्या एका म्हातारीनं फलक वाचून घेतला आणि विचारलं, "चालून काय होणार?"

"पैसे जमतील, आजी. अपंग पोरांना धनुष्यं घ्यायचीत."

"मग बसून मागितलेस तरी जमतील की."

त्यानं डबा पुढं केला. तिनं पन्नासची नोट दिली आणि वर कागदात बांधून सुकट दिली. ती सुकट त्यानं सातही दिवस पिशवीत वागवली.

पहिल्या दोन दिवसांत त्याला चढ म्हणजे काय ते कळलं. रिक्षातून जो रस्ता कधी जाणवलाच नव्हता, तो आता पायांना मोजून दाखवत होता. बुरोंडीपर्यंत उजव्या टाचेला फोड आला, दाभोळपर्यंत तो फुटला. मुक्कामाला कुठं नातेवाईक, कुठं बौद्धवाडीतला विहार. लोक जेवायला घालायचे, चौकशी करायचे. कोणी विचारायचं, पक्षाचं काम आहे का. कोणी म्हणायचं, स्वतःचं कोणी आहे का त्यात? "नाय," म्हटलं की ते अधिकच संशयानं बघायचे.

अंजनवेलजवळ एका हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, पण डब्यातही काही टाकलं नाही. गुहागरला शाळेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुहासला त्या मुलांसमोर ताठ उभं राहावं लागलं, आणि तेच सगळ्यांत जड गेलं.

पाचव्या दिवशी सकाळी तो हेदवीतून निघाला. गणपतीच्या देवळाचा फाटा मागे पडला आणि अर्ध्या तासात कमरेतून एक कळ खाली पायापर्यंत गेली. तो कातळावर बसला. उठायला गेला तर पाय टेकेना. ऊन चढायला लागलं होतं. तेवढ्यात मासळीचा टेम्पो शेजारी थांबला.

"कुठं निघालाय?"

"तवसाळ. जेटीवर."

"बसा."

सुहासनं गळ्यातला फलक काढला, उलटा करून पिशवीत घातला आणि टेम्पोत बसला. ड्रायव्हर वाटभर बर्फाच्या भावाविषयी बोलत होता. सुहासला त्यातलं काही ऐकू आलं नाही. पाय सैल सोडून बसण्यात इतकं सुख असतं हे तो विसरून गेला होता, आणि त्या सुखाचीच त्याला लाज वाटत होती.

फेरीबोटीत त्यानं फलक पुन्हा बाहेर काढला नाही. पण समोर बसलेल्या बाईनं त्याला फोनवर पाहिलेलं होतं. तिचं नाव गोदा. जयगडला लेकीकडे निघाली होती. "हर्ण्याहून पायी येताय ना तुम्ही?" म्हणत तिनं पदराची गाठ सोडून त्यातले पैसे त्याच्या हातावर ठेवले. सुहासनं ते घेतले. नको म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं.

जयगडला उतरल्यावर त्यानं निशिगंधाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मला कशाला सांगितलंत, काका? आता मलापण माहीत झालं."

"मग काय करू?"

"ते मला विचारू नका. माझ्या नावावर पैसे जमतायत, मला आधीच कसंतरी होतं."

तिनं फोन ठेवला. सुहास जेटीवरच्या बाकावर बसून राहिला. मग आम्रपालीला फोन लावला. "लिही," तो म्हणाला. "पप्पा हेदवी ते तवसाळ टेम्पोनं आले. चालवत नव्हतं म्हणून."

"पप्पा, कोणाला कळणार नाय."

"लिही तू."

तिनं लिहिलं. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते तिनं त्याला वाचून दाखवलं नाही. दोघांनी पैसे परत मागितले, ते तिनं दिले. काहींनी लिहिलं की आता गाडीनंच घरी जा. त्यानंतर नवीन पैसे येणं जवळजवळ थांबलं.

उरलेले दोन दिवस तो चालला. जयगड ते गणपतीपुळे, तिथून आरे-वारेच्या चढानं रत्नागिरी. मैदानावर पोचला तेव्हा चौघं सराव करत होते. हार नव्हते, गर्दी नव्हती. मृणाली मॅडमनी थर्मासमधला चहा दिला. निशिगंधानं हातातला बाण सोडला, मग खुर्ची वळवून त्याच्या पायांकडे बघितलं.

"दवाखान्यात जा," ती म्हणाली.

"हेदवी ते तवसाळ राहिलंय, तेवढं चालतो, मग जातो."

ते त्यानं तीन आठवड्यांनी केलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो रिक्षा घेऊन हेदवीला निघाला, तर रसिका चपला घालून मागे येऊन बसली. "एकटे नको," एवढंच म्हणाली. कातळापाशी रिक्षा लावून दोघं चालू लागली. फलक नव्हता, डबा नव्हता, फोटोही नाही. दुपारी एका शेतकऱ्याच्या पडवीत पाणी मागितलं. घरातल्या बाईनं विचारलं, कोणाकडे आलात? रसिका म्हणाली, "कोणाकडे नाय. ह्यांचं थोडं चालायचं राहिलं होतं." बाईला काही कळलं नाही. तिनं गुळाचा खडा दिला. तवसाळच्या जेटीवर पोचल्यावर दोघं पाण्याकडे बघत बसली. रिक्षापर्यंत परत एसटीनं आली.

जमलेल्या पैशांत गाडीचं भाडं निघालं आणि एक वापरलेलं धनुष्य आलं. दुसरं राहिलं. मार्चमध्ये चौघंही निवडीला जाऊन आले. परतले त्या दुपारी सुहास मैदानावर रिक्षा घेऊन उभा होता. निशिगंधाला आत बसवलं, खुर्ची घडी घालून मागे बांधली.

"काय झालं?"

"पाचवी आले."

"म्हणजे चांगलं?"

"पहिल्या चौघींना घेतात."

सुहासनं रिक्षा सुरू केली. मारुती मंदिरापर्यंत ती बाहेर बघत होती. पुढच्या वळणावर सुहासनं मागे पाहिलं तर ती झोपली होती, मान एका बाजूला कलंडलेली. तो खड्डे चुकवत सावकाश गेला. मावशीच्या दाराशी रिक्षा थांबवून त्यानं इंजिन बंद केलं. तिला उठवावंसं वाटेना. तो तसाच पुढच्या सीटवर बसून राहिला, आणि थोड्या वेळानं त्याचाही डोळा लागला.