व्याह्यांचा राहिलेला रुसवा

आमच्या व्याह्यांइतका शांत माणूस बारामती आणि इंदापूर ह्या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नसेल, आणि माझं जेवढं नुकसान त्यांनी केलं तेवढं माझ्या एकाही शत्रूला जमलेलं नाही. शत्रू मला पुष्कळ आहेत. मी निरवांगीहून अंगावरच्या कपड्यांनिशी बारामतीत आलो, मार्केट यार्डात पोती उचलली, मग जुन्या ट्रॅक्टरांची दलाली केली, मग जमिनींची. एस.टी.चं तिकीट सोडलं तर आयुष्यात एकही वस्तू मी सांगितलेल्या भावाने घेतलेली नाही. अशा माणसाला शत्रू होणारच. पण त्यांना मी पुरून उरलो, कारण शत्रूवर ओरडता येतं. व्याह्यांवर कसं ओरडणार? आपली मुलगी त्यांच्या घरात. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या उंबऱ्याबाहेर चपलांबरोबर आपला आवाजही काढून ठेवायचा असतो. माझ्यासारख्या तापट माणसाला ही जन्मठेपच. आणि ही गोष्ट त्या गृहस्थांनी पहिल्या दिवशीच हेरून ठेवली होती, असा माझा आजही दाट संशय आहे.

ते पिंपळीचे. वाडवडील मेंढरं राखणारे. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कळप विकले गेले. व्याही स्वतः कारखान्याचे सभासद, मुलगा, म्हणजे आमचे जावई, कंपनीत नोकरीला. कळप गेला तरी व्याह्यांच्या पायांतली चाल काही गेली नव्हती. दारात मुलाची मोटारसायकल उभी असताना हे बारामतीला चालत येणार. तेही रस्त्याने नाही, कालव्याच्या कडेकडेने. वाटेत कुणाचं जनावर कुणाच्या पिकात शिरलेलं दिसलं की ते बाहेर काढायचं, त्याचा मालक शोधायचा, त्याच्याकडे चहा घ्यायचा आणि मग पुढे निघायचं. सकाळी निघालेला हा माणूस दुपारच्या जेवणाला पोचेल की संध्याकाळच्या, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं, म्हणून माझी बायको ते दारात दिसेपर्यंत पिठाला हातच लावत नसे. इतरांचे व्याही येताना केळी आणतात, पेढे आणतात. आमचे व्याही खांद्यावर लेंडीखताचं पोतं घेऊन येत. "इहीणबाईंच्या गुलाबाला," म्हणून ते पोतं ते हॉलमध्ये, मी पुण्याहून मुद्दाम आणलेल्या सोफ्याशेजारी ठेवत आणि स्वतः खाली फरशीवर बसत. मी एकदा म्हणालो, "अहो पाहुणं, सोफा बसायला घेतलाय." त्यावर ते सोफ्याला टेकून म्हणाले, "पाठीला बरा हाय की." बायकोचे गुलाब मात्र कोबीच्या गड्ड्याएवढे होत, हे कबूल करायला हवं.

त्यांची खरी खोड वेगळीच होती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते ताबडतोब देत नसत. एकदा मी विचारलं, "यंदा ऊस कसा आहे?" त्यांनी पंख्याकडे बघितलं, चहा बशीत ओतला, प्यायले, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी दारात पाऊल टाकता टाकता म्हणाले, "बरा हाय." मी म्हटलं, "कोण?" तर म्हणाले, "ऊस." सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे मी दलालीच्या धंद्यात वीस वर्षं घासल्यावर शिकलो. हा माणूस ते आईच्या पोटातून शिकून आला होता, आणि त्याला आयुष्यात काही विकायचंच नव्हतं! एवढं भांडवल वाया गेलेलं पाहून माझा जीव तुटत असे.

मुलीच्या लग्नातही त्यांनी मला असंच चकवलं. आमच्याकडे लग्नात वरबाप रुसतो. रुसायला कारण लागत नाही. पंगतीत वाढायला उशीर झाला एवढंही पुरतं. मग तो जेवणावरून उठून मांडवाच्या कडेला जाऊन बसतो, मुलीच्या बापाने हात जोडून जायचं, काय हवं ते विचारायचं, त्याने मागायचं आणि ह्याने द्यायचं. मी तयारीत होतो. अंगठी खिशात होती, घासाघिशीची वाक्यं पाठ होती. आणि हे गृहस्थ रुसलेच नाहीत! आहेर हातात घेतला, जिलबी खाल्ली आणि मला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. रुसवा बाकी ठिवलाय." मी हसलो. लोकही हसले. मी अंगठी परत सोनाराकडे देऊन आलो, आणि आपण केवढा फायदा करून घेतला म्हणून त्या दिवशी स्वतःची पाठ थोपटली.

नव्वद सालानंतर बारामती वाढायला लागली. कारखाने आले, नोकरदार आले, त्यांना बंगले हवे झाले. शहर आणि पिंपळी यांच्यामध्ये कालव्याच्या वरच्या अंगाला एक लांबरुंद माळ होता. कुसळी गवत, तरवड, चार हिवरांची झाडं आणि दिवसभर कोकलणाऱ्या टिटव्या, एवढीच त्याची इस्टेट. सरकारी आराखड्यात तो हिरव्या रंगाने रंगवलेला, म्हणजे हरित पट्टा. तिथे घरं बांधायला मनाई. पण नकाशातला रंग अर्ज केल्यावर बदलू शकतो, हे मला ठाऊक होतं. मी माळाच्या मालकांना एकेक करून गाठलं, करार केले, हिरवा पट्टा उठवण्याचा अर्ज केला आणि दीडशे बंगल्यांचा नकाशा काढून घेतला. वसाहतीचं नाव ठेवलं 'हिरवाई'. निळ्या कागदावरचा तो नकाशा घेऊन मी सगळ्यात आधी पिंपळीला व्याह्यांकडे गेलो. मानाचा माणूस, त्यांना आधी सांगायला नको?

त्यांनी नकाशा जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले आणि बराच वेळ बोट फिरवत बसले. मी वाट पाहिली. उत्तर पुढच्या आठवड्यात येईल असं धरून मी उठणार तोच ते बोलले.

"पावणं, ह्या वळीतली समदी घरं तुमी पान्यात बांधताय."

"तिथे कुठलं पाणी? खडक आहे."

"पावसाचं. माळावर पडतं, हितनं मुरतं आन् खाली गावच्या हिरीत येतं. वर फरशा घातल्यावर त्येनं कुनाला इचारून खाली यायचं?"

मी म्हटलं, गावाला नळ देऊ. ते म्हणाले, दिवाळीनंतर आणि मिरगाला कळप येतात, ते कुठे बसायचे? कळप शेतात बसतात म्हणून शेताला खत मिळतं. मी म्हटलं, खताची पोती मिळतात. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला आमच्या हॉलमधल्या पोत्याची लाज वाटली. शेवटी मी माझ्या वाटेवर आलो आणि म्हणालो, "सरळ सांगा, तुम्हाला काय हवं?"

"माळ."

"त्यातला किती?"

"तुमी इचारता तसा मोजायला त्यो काय कापडाचा तागा न्हाय. त्यो हाय म्हनून पिंपळी हाय. त्यो गेला की पिंपळी म्हंजी बारामतीची येक गल्ली."

मी घरी आलो तो तणतणत. वाटेत एका निर्दोष सायकलवाल्यावर ओरडलो तेव्हा कुठे बरं वाटलं.

मग सरकारी नोटीस निघाली, हरकती मागवल्या गेल्या. मी निर्धास्त होतो. गावात लिहितो कोण? मुदत संपायच्या सुमारास ऑफिसात गेलो, तर तिथले भाऊसाहेब गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "शेठ, हरकती जोरात आहेत. आणि अक्षर काय सुरेख हो!" मी वाचायला लागलो. एका म्हातारीने लिहिलं होतं, की सकाळी दारातून माळ दिसल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. एकाने लिहिलं होतं, की त्याच्या म्हशीला मोटारींचे दिवे सहन होत नाहीत आणि ती आटल्यास जबाबदार कोण. सगळ्यांत शेवटी व्याह्यांची हरकत होती: 'अर्जदार आमचे व्याही असून माणूस चांगला आहे. हरकत त्यांच्या बंगल्यांना आहे, त्यांना नाही.' खाली ठसठशीत सही. आणि हे वाचता वाचता माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या अर्जांचं अक्षर एकच होतं. ते अक्षर मी ओळखत होतो. पाटीवर हात धरून, चुकल्यावर रट्टे देऊन, ते मीच घडवलं होतं.

तसाच पिंपळीला गेलो. चपला बाहेर काढल्या, आवाज मात्र चुकून आत आला. "बापाच्या विरुद्ध अर्ज लिहितेस?"

मुलगी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "आण्णा, मी लिहिले नाहीत, मामांनी सांगितले ते उतरवले. आणि तुम्हीच शिकवलंय, जे बोलायचं ते कागदावर आणा, पोच घ्या. पोच घेतलीय." सासऱ्यांना ती मामा म्हणे. मामा ओसरीवर बसून दोरखंड वळत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली, पण मिशी हलत होती.

हरकती असल्या तरी अर्ज माझा भक्कम होता. निकाल आपल्या बाजूने लागणार अशी कुणकुण होती, म्हणून मी आधीच भूमिपूजन ठरवलं. मांडव घातला, बँड सांगितला, बंगले घेणारी गिऱ्हाइकं बोलावली आणि नारळ फोडायचा मान व्याह्यांना दिला. माणूस एकदा मानात अडकला की विरोध करत नाही, हा माझा अनुभव. व्याही आले. लग्नात मी आहेर केलेला फेटा बांधून, मी दिलेलं धोतर नेसून आले. मी म्हटलं, जिंकलो. ते मांडवात शिरले, सगळ्यांना रामराम केला, नारळ हातात घेतला, आणि तो तसाच माझ्या हातात देऊन चालत जाऊन हिवराखाली घोंगडं अंथरून बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"रुसलो," ते म्हणाले. "मागली बाकी व्हती."

क्षणभर कुणाला कळेना. मग एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळा मांडव हसायला लागला. माझी बायको तरातरा आली. "अहो, व्याही रुसल्यात! जेवलं न्हाईत! उभं काय राहिलाय?" तिने बँड थांबवला, ताट वाढून माझ्या हातात दिलं. माझी स्वतःची बायको! पंचक्रोशी बघत होती. माळाचे मालक, गिऱ्हाइकं, पोरंबाळं गोल करून बसली. मी हात जोडून गेलो. दुसरं काय करणार?

"काय हवं, पाहुणं?"

"कागद माघारी घ्या."

"अंगठी घ्या."

"बोटात शिरत न्हाय."

"मोटारसायकल घ्या नवी."

"मी चालतो."

"बरं, निम्मा माळ सोडतो."

"निम्मी मेंढी चरती व्हय?"

लोक लोळायला लागले. मी अर्धा तास घासाघीस केली. घाम आला, घसा बसला. पलीकडे तो माणूस ताटाकडे न बघता बसलेला. माझी मुलगी सासूच्या शेजारी उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि समजलं, की आज मी ताट परत नेलं तर सासरी तिला कुणी काही बोलणार नाही, आणि तेच तिला जन्मभर जड जाईल. पण फुकट मी कधीच काही दिलेलं नाही. मी म्हटलं, "कागद माघारी घेतो. बदल्यात तुमच्या पाटाखालच्या दोन एकरांच्या सातबाऱ्यावर माझ्या मुलीचं नाव लागलं पाहिजे." मला वाटलं, आता पुढच्या बाजारापर्यंत उत्तर नाही.

"लावलं," ते म्हणाले आणि ताट ओढून घेतलं.

इतक्या झटकन त्यांनी आयुष्यात काही म्हटलं नव्हतं. आणि माझ्यासारख्याला माहीत असतं: समोरचा एवढ्या लवकर हो म्हणाला, की आपण कमी मागितलं! हे शल्य माझ्या मनात आजही आहे. निदान चार एकर मागायला हवे होते. नाव त्यांनी महिन्याच्या आत लावलं, तलाठ्याकडे चालत जाऊन. गिऱ्हाइकं दुसऱ्या दलालाकडे गेली. तो मला बरीच वर्षं 'रुसव्याचे शेठ' म्हणत असे.

पुढे व्याह्यांचे पाय सुजायला लागले. कालव्याकडेने येणं थांबलं, मग मीच जायला लागलो. एका दिवाळीनंतर ते म्हणाले, "माळावर न्हेता का?" मी त्यांना गाडीतून नेलं. कळप उतरले होते, कोकरं ओरडत होती. आम्ही काठी टेकत थोडं चाललो. एका जागी मी थांबलो आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलून गेलो.

"पाहुणं, हा कोपऱ्यावरचा प्लॉट. सगळ्यात चांगला. हा मी तुमच्यासाठी राखून ठेवला होता. तुम्ही विचारलंच नाही."

ते गवताकडे बघत राहिले. पंख्याकडे बघत तसे. मग म्हणाले, "दार कुनीकडं व्हतं?"

"पूर्वेला."

व्याही वळले. त्या सुजल्या पायांनी पूर्वेकडून वळसा घातला, खाकरले, नसलेल्या उंबऱ्यावर चपला काढल्या आणि आत येऊन गवतात बसले. "या," म्हणाले, "बसा. घर चांगलं काढलं व्हतं तुमी." आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. मेंढरं आमच्या दोघांच्या मधून चरत गेली.

ते पुढच्याच उन्हाळ्यात गेले. माळ अजून हिरव्या रंगातच आहे. कधी एकटा तिकडे गेलो तर त्या जागेत सरळ शिरवत नाही. पूर्वेकडून वळसा घालतो, चपला काढतो, आणि कुणी "बसा" म्हणायची वाट बघत थोडा वेळ उभा राहतो.