रुखवतातले काळे गोळे

"आग अजून हाय की त्यात!" असं म्हणत आक्का वखारीच्या दारात घमेलं पुढं करायच्या. पोत्यांच्या तळाशी उरलेला लाकडी कोळशाचा चूर वखारवाला फेकायला निघायचा, तो त्या घरी आणायच्या.

आक्का आमच्या कोल्हापुरातल्या शेजारीण. रॉकेलला रांगा लागायच्या तेव्हाची ही गोष्ट. चुरात शेण-माती कालवून त्या गोळे वळायच्या आणि गच्चीच्या कठड्यावर वाळत घालायच्या. गल्ली हसायची. मीही हसायचो. घरातलं जळण संपलं की चार गोळे मागायला मात्र निमूट त्यांच्याकडेच जायचो.

त्यांच्या मुलीचं लग्न कुरुंदवाडला ठरलं. बापाविना वाढवलेली एकुलती एक पोर. मांडवात कुणी नाव ठेवू नये, एवढीच आक्कांची धास्ती. आणि तरी या बाईनं रुखवतात चिरोट्यांशेजारी काय मांडावं? परातभर काळे गोळे, वर झेंडूचं फूल!

मी हात जोडले. "आक्का, काढा हे. वरपक्ष काय म्हणेल?"

"म्हणू दे की! माझी विद्या हाय ती. पोरीला दुसरं काय देऊ?"

व्हायचं तेच झालं. विहीणबाई परातीपुढं थांबल्या आणि कडाडल्या, "आमची चेष्टा लावलीया व्हय?" नवरीनं मान खाली घातली.

आक्कांनी शेगडी आणली, परातीतलेच गोळे पेटवले. पहिला धूर ओसरला तसं वर पातेलं चढवलं. वऱ्हाडाचा चहा झाला, मग तान्ह्या पोरांचं दूध तापलं.

विहीणबाई हटून बसल्या होत्या. "इझलं असंल आता."

"आग अजून हाय की त्यात!" आक्कांनी फुंकर मारली. राखेखालून निखारे लालभडक झाले.

विहीणबाई बघतच राहिल्या. "धुरानं डोळं गेलं की वो माझं चुलीपाशी. परात मीच न्हेणार. आणि सूनबाई, तू शिकीव मला."

पाठवणीला सगळे रडत होते आणि विहीणबाई परात मांडीवर घेऊन गाडीत बसल्या होत्या. मला इतका आनंद झाला की शिट्टी मारावीशी वाटली. मारलीही.

आक्का गेल्या त्यालाही आता काही वर्षं झाली. मध्यंतरी कुरुंदवाडला गेलो होतो. लेकीचा पत्ता जवळ नव्हता. म्हटलं, गोळे वाळताना दिसतील ते घर. गल्लीत शिरलो तर एकूण एक कठड्यावर काळे गोळे ऊन खात होते.

आक्का, घर काही ओळखू येईना!